कुठे हात लावायचा नाही?

पुण्यात कर्वेनगरात घरच्या आजारी माणसाला सांभाळायला मावशी हव्या असल्या की त्या पुरवणाऱ्या ब्युरोला फोन जातो. पलीकडचे प्रश्न ठरलेले. पेशंट उचलावा लागतो का? डायपर आहे का? १२ तास की २४? कुठे हात लावायचा नाही, हे कुणी विचारत नाही.

नसांच्या दुखण्यात पहिला प्रश्न तोच असायला हवा. नागिणीचे फोड वाळतात, पण काहींची ती जागा पुढे महिनोन् महिने जळत राहते. ब्लाउजची कड घासली तरी आजी कळवळतात. चेहऱ्याची नस दुखत असेल तर गार पाण्याचा हबका, पंख्याचा झोत, पोळीचा एक घासही पुरतो. करंट बसल्यासारखी कळ जाते. मधुमेहाने बधिर झालेल्या पायांचं उलटंच. त्यांना चटका कळतच नाही. आपल्याकडे माया दाखवायची ती तेल चोळून आणि शेक देऊन. मावशी मनापासून चोळतात, रात्री गरम पाण्याची पिशवी पायाशी ठेवतात. सकाळी तळव्याला फोड आलेला असतो.

यात मावशींना दोष देता येणार नाही. त्यांना सांगितलंय कुणी? डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांची नावं असतात. त्या गोळ्यांनी गुंगी येते, रात्री बाथरूमला जाताना तोल जाऊ शकतो, त्या मनाने एकदम बंद करायच्या नसतात, हे घरापर्यंत पोचत नाही. एक्स-रेत काही दिसत नाही, म्हणून दुखणं ‘मनाचं’ ठरतं ते वेगळंच. रुग्ण सांगेल तीच वेदना, असं मार्गो मॅकॅफरी या अमेरिकन नर्सने १९६८ मध्येच मांडलं होतं.

हे सगळं समजावणं नर्सचं काम. कर्वेनगरातच महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्था मुलींना नर्सिंग शिकवते. पण हे दुखणं वॉर्डात थोडे दिवस आणि घरात वर्षानुवर्षं मुक्काम करतं, आणि घरात असतात त्या मावशी.

म्हणून रुग्णाला घरी सोडताना नर्सने मावशींना, त्या नसतील तर सुनेला किंवा मुलाला, समोर बसवावं. दुखरी जागा दाखवावी. कार्डावर ठळक मराठीत लिहावं: इथे चोळू नका, इथे शेकू नका. याला दहा मिनिटं लागतात. रुग्णालयांनी ती नर्सच्या ड्यूटीत धरावीत.