घरबसल्या मिळणारी पदवी आणि शेतकऱ्यांचीं मुलें

हल्लीं बारावीचा निकाल लागला कीं, खेडोपाडींच्या पालकांच्या मोबाईलवर जाहिरातींचा पाऊस पडूं लागतो. घरबसल्या पदवी, नोकरीची हमी, फी सुलभ हप्त्यांनीं, प्रवेशाची आज शेवटची तारीख, अशीं त्यांत वचनें असतात. पाठोपाठ कोणा गोडबोल्या माणसाचा फोन येतो. शेतांत राबणाऱ्या बापास त्यांतील निम्में कळत नाहीं, आणि मुलगा तर पहिल्याच दिवशीं राजी झालेला असतो. या मासिकांतून बियाणें, खतें व अवजारें यांच्या निवडीविषयीं वेळोवेळीं लिहिलें जातें. मुलांच्या शिक्षणाचा खर्च त्याहून लहान नाहीं; म्हणून त्या निवडीविषयींही चार शब्द लिहिणें अस्थानीं होणार नाहीं, असें आम्हांस वाटतें.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. कित्येक वडीलधारी मंडळी म्हणतात कीं, कॉलेजची पायरी न चढतां मिळालेली पदवी ही पदवीच नव्हे. हें मत आतां टिकणारें नाहीं. घरीं राहून शिकण्याची सोय आपल्या देशांत नवी नाहीं. दिल्ली विद्यापीठानें १९६२ सालीं पत्रद्वारा शिक्षण सुरू केलें. मुंबई विद्यापीठानें १९७१ सालीं. पहिलें मुक्त विद्यापीठ १९८२ सालीं हैदराबादेस निघालें, १९८५ सालीं दिल्लीस इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ झालें, आणि १९८९ सालीं नाशिक येथें यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालें. या नाशिकच्या विद्यापीठाची पदवी घेऊन सरकारी नोकरींत शिरलेलीं माणसें आम्हीं महसूल खात्यांत शेजारच्या टेबलावर काम करतांना पाहिलीं आहेत, आणि तीं कोणाहून कमी नव्हतीं. पुढें विद्यापीठ अनुदान आयोगानें २०२० सालीं दूरस्थ व ऑनलाईन शिक्षणाचे नियम एकत्र केले, आणि मान्यताप्राप्त संस्थेची अशी पदवी नेहमींच्या पदवीच्या बरोबरीची आहे, हें २०२२ सालीं स्पष्ट शब्दांत कळविलें. तलाठ्याच्या सहीचा सातबारा आणि डिजिटल सहीचा सातबारा यांची किंमत आज सरकारदरबारीं सारखीच आहे. तसेंच हें समजावें.

तेव्हां प्रश्न पदवी घरबसल्या मिळते कीं वर्गांत बसून, हा नाहीं. प्रश्न तिच्या हक्काचा आहे. आम्हीं उभी हयात महसूल दप्तरांत काढली. जमीन घेतांना आपला शेतकरी सातबारा पाहतो, फेरफार पाहतो, इतर हक्कांत कोणाचा बोजा आहे काय तें पाहतो, चतुःसीमा चालून येतो, आणि मग इसार देतो. तोच शेतकरी मुलाच्या पदवीसाठीं मोठी रक्कम केवळ फोनवरच्या बोलण्यावर मोकळी करतो, याचें आम्हांस नवल वाटतें. आमचें म्हणणें एवढेंच कीं, जो कस आपण जमिनीस लावतों तोच पदवीस लावावा.

पहिली गोष्ट देणाऱ्याच्या हक्काची. १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याच्या २२ व्या कलमान्वयें पदवी देण्याचा अधिकार फक्त कायद्यानें स्थापन झालेल्या विद्यापीठास, अभिमत विद्यापीठास, किंवा संसदेनें खास अधिकार दिलेल्या संस्थेस आहे. जाहिरात करणारी कंपनी यांपैकीं कांहींच नसते. ती फार तर मध्यस्थ असते, आणि दलालाच्या नांवें कोणी खरेदीखत करीत नाहीं. विद्यापीठानें आपला अभ्यासक्रम अशा कंपनीस मक्त्यानें चालविण्यास देणें नियमांत बसत नाहीं, असा इशारा आयोगानें २०२२ सालीं दिला आहे. म्हणून फोनवर बोलणाऱ्यास पहिला प्रश्न विचारावा : पदवीवर सही कोणाची, आणि पैसे कोणाच्या खात्यांत जमा व्हावयाचे? उत्तर आडवळणाचें आलें तर फोन खालीं ठेवावा.

दुसरी गोष्ट परवानगीची. विद्यापीठ खरें असलें तरी त्याचा प्रत्येक ऑनलाईन अभ्यासक्रम मान्य असतोच असें नाहीं. मान्यता अभ्यासक्रमवार व ठराविक सत्रांपुरती मिळते, आणि तिची यादी आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर कोणासही फुकट पाहतां येते. त्या यादींत विद्यापीठाचें नांव, अभ्यासक्रमाचें नांव आणि प्रवेशाचें वर्ष, हीं तिन्ही जुळलीं पाहिजेत. २०२४ सालापासून विद्यार्थ्यानें प्रवेशाआधीं त्याच ठिकाणीं आपली नोंदणी करून क्रमांक घेण्याचा नियम झाला आहे. ही नोंदणी करूं नका, आम्हीच सर्व पाहून घेतों, असें जो म्हणेल त्याच्यापासून दूर राहावें. तसेंच दूरस्थ आणि ऑनलाईन हे दोन प्रकार निराळे आहेत. दूरस्थ शिक्षणांत छापील पुस्तकें येतात व अभ्यासकेंद्र असतें. ऑनलाईन शिक्षणांत पाठ, चर्चा व स्वाध्याय सर्व इंटरनेटवर चालतात. ज्या गांवीं मोबाईलला धड रेंज नाहीं, तेथील मुलास पहिला प्रकार अधिक सोयीचा, हें सांगावयास नको.

येथें आमच्या वाचकांनीं विशेष ध्यानांत ठेवावी अशी गोष्ट आहे. वैद्यक, अभियांत्रिकी, औषधनिर्माण, परिचर्या या विषयांप्रमाणेंच शेतकी व फळबाग-शास्त्र या विषयांची पदवी दूरस्थ किंवा ऑनलाईन रीतीनें देण्यास आयोगाची मनाई आहे. शेतकीची पदवी हवी असेल तर राहुरी, अकोला, परभणी किंवा दापोली येथील कृषि विद्यापीठांच्या कॉलेजांत जाऊनच ती घेतली पाहिजे. मातींत हात न घालतां मातीची विद्या येत नाहीं, हें आपणांस कोणी शिकवावयास नको. थोड्या मुदतीचे प्रमाणपत्र-वर्ग ही निराळी बाब आहे. ते ज्ञानासाठीं अवश्य करावेत, पण त्यांस पदवी समजूं नये.

तिसरी गोष्ट बोजाची. सरकारी मुक्त विद्यापीठांची फी आणि कित्येक खासगी विद्यापीठांची ऑनलाईन फी यांत अनेक पटींचें अंतर असतें. त्या अंतराबद्दल जास्त काय मिळतें, हें मागून घ्यावें. परंतु फीपेक्षां हप्ते अधिक घातक. आमच्याकडे कागद दाखविण्यास आलेल्या एका पालकाच्या हातीं जो 'प्रवेशाचा फॉर्म' होता, तो वाचून पाहतां एका सावकारी कंपनीचा कर्जाचा करार निघाला. मुलानें शिक्षण सोडलें तरी हप्ता सुटणार नव्हता. हा प्रकार एकट्याचा नव्हे. खात्यांतून परस्पर पैसे कापण्यास संमति देतांना सावध असावें, अशी सूचना केंद्रीय शिक्षण मंत्रालयानें डिसेंबर २०२१ मध्येंच काढली होती. ज्या कागदाचें शेवटचें पान आपण वाचलें नाहीं, त्याच्या पहिल्या पानावर सही करूं नये. आणि मोबाईलवर आलेला आंकडा कोणास सांगणें ही सहीच समजावी.

चौथी गोष्ट हेतूची, आणि आमच्या मतें तीच सर्वांत वजनदार. पदवी कशासाठीं? राज्यसेवेच्या परीक्षेस बसावयाचें असेल तर कोणत्याही मान्य विद्यापीठाची पदवी पुरते. तेथें कमी खर्चाचें मुक्त विद्यापीठ सोडून भारी फी भरण्यांत अर्थ नाहीं. सोसायटींत किंवा शेतकरी उत्पादक कंपनींत हिशेब पाहावयाचे असतील तर वाणिज्य शाखा बरी. नोकरींत असून बढतीसाठीं पदवी हवी, लग्न होऊन शिक्षण सुटलें आहे, तालुक्याच्या कॉलेजला जाणारी एस. टी. दिवसांतून दोनदांच येते, अशांस हा मार्ग खरोखर वरदान आहे. मुलींच्या बाबतींत तर आम्ही आग्रहानें सांगतों कीं, कॉलेज लांब आहे ही सबब आतां उरली नाहीं. पण सतरा-अठरा वर्षांचा धडधाकट मुलगा जवळच्या कॉलेजांत जाऊं शकत असेल, तर त्यास केवळ सोयीसाठीं घरीं बसवूं नये. चार मुलांत बसून, वादविवाद करून, ग्रंथालयांत वेळ घालवून जें येतें तें पडद्यावरून येत नाहीं.

एक गोष्ट मात्र पालकांच्याच हातची आहे. मुलगा घरीं शिकतो म्हणजे तो रिकामा आहे, असें आपल्याकडे धरलें जातें. रात्रीं वीज आली कीं पाणी द्यावयास तोच, दिवसा खताच्या दुकानीं तोच, पाहुण्यांस आणावयास तोच. मुलीची तर गोष्टच नको. तिचा अभ्यास भाकरी झाल्यावर. अशा घरांत उत्तम विद्यापीठही हतबल होतें, आणि मग दोष ऑनलाईन शिक्षणास दिला जातो. पिकास जसें पाण्याचें पाळीपत्रक तसे अभ्यासासही रोजचे दोन-तीन तास घरानें नेमून द्यावे, आणि त्या वेळीं त्यास हांक मारूं नये. हें ज्यांस जमणार नाहीं त्यांनीं फी भरूंच नये.

शेवटीं आपल्या संघास एक विनंति. प्रत्येक तालुका-शाखेनें दर वर्षीं जून महिन्यांत आयोगाच्या मान्य अभ्यासक्रमांची यादी उतरवून आपल्या फलकावर लावावी, आणि आमच्यासारख्या सेवानिवृत्त मंडळींपैकीं एक-दोघांनीं आठवड्यांतून एक दिवस बसून पालकांचे कागद वाचून द्यावेत. यास खर्च कांहीं नाहीं; एखाद्या घरचा दागिना किंवा बांधाकडेचा तुकडा वांचला तरी श्रमाचें चीज झालें. ज्या शाखेंत असें काम सुरू होईल तेथें येऊन बसण्यास आम्ही तयार आहों. शेतकऱ्याच्या मुलाबाळांनीं शिकावें, खूप शिकावें. फक्त उतारा पाहून शिकावें, इतकेंच आमचें मागणें आहे.