फिस्टुलाचा हात आणि चौथी सीट

गेल्या अंकानंतर आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांचा विषय एकच आहे: डायलिसिसनंतरचा लोकलप्रवास. त्यात सगळ्यात नेमके पत्र चिंचोटीच्या एका डायलिसिस तंत्रज्ञ भगिनीचे. त्यांच्या शेजारचे एक गृहस्थ डायलिसिससाठी आठवड्यातून तीनदा चिंचोटी नाक्यावरून शेअर रिक्षाने नायगाव आणि पुढे लोकलने बोरिवली गाठतात. पाळी दुसरी. मशीनवरून उतरेपर्यंत पाच वाजतात, म्हणजे ऐन गर्दीत विरार लोकलमध्ये चढायचे. दिव्यांगांच्या डब्यातून आधी एकदा त्यांना उतरवले होते, म्हणून ते जनरल डब्यात चढले. बसायला जागा मागितली तर ‘धडधाकट तर दिसताय’ असे उत्तर मिळाले. भाईंदरपर्यंत फिस्टुलाचा (डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडलेला) हात बॅगा आणि दांड्यामध्ये चेपलेला होता. घरी पोचेपर्यंत पट्टी भिजली आणि दुसऱ्या दिवशी फिस्टुलाची थरथर (थ्रिल) लागेना. आता मानेत कॅथेटर आहे.

चार तासांत अडीच-तीन लिटर पाणी काढलेला, हेपारीन अंगात असलेला, बीपी ९०/६० वर आलेला माणूस आपण तंत्रज्ञ रोज दाराबाहेर सोडतो. त्याचे पुढे काय होते, हे आपल्या रजिस्टरात कुठेच येत नाही.

आधी नियमाबद्दल बोलू. लोकलच्या दिव्यांग डब्यात दिव्यांगांखेरीज कर्करोगाचे रुग्ण आणि गरोदर स्त्रिया यांना मुभा आहे. डायलिसिसच्या रुग्णाला नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल आले. निकामी मूत्रपिंड आले नाही. आणि हीच रेल्वे डायलिसिससाठी जाणाऱ्या रुग्णाला व त्याच्या सोबत्याला लांबच्या गाड्यांच्या दुसऱ्या वर्गात 75 टक्के सवलत देते! तिकीटखिडकीवर जो रुग्ण म्हणून मान्य आहे, तोच लोकलच्या डब्यात रेल्वे कायद्याच्या कलम 155 खाली 500 रुपयांपर्यंतच्या दंडाला पात्र ठरतो. सवलतीचा नमुना रेल्वेचाच, त्यावर सही आपल्याच डॉक्टरांची. तोच कागद डब्यात चालवून घ्यायला पैसा लागत नाही, एक परिपत्रक लागते. ते निघत नाही, कारण ते मागायला कोणी बसलेले नाही. मुंबईतल्या मोठ्या संघटनांनी हा विषय कधीच हाती घ्यायला हवा होता.

विमानात ही झटापट होत नाही. तिथे डॉक्टरांनी भरलेला वैद्यकीय फॉर्म आधी जातो. व्हीलचेअर, पाय लांब करता येईल अशी जागा, स्ट्रेचर हे सगळे उड्डाणाआधी ठरते. लोकलमध्ये मात्र रुग्णाने त्याच क्षणी, चक्कर सावरत, अनोळखी माणसांपुढे आपला आजार सिद्ध करायचा. लंडनच्या भुयारी रेल्वेने 2017 पासून यासाठी बिल्ला दिला: ‘कृपया बसायला जागा द्या’. आजाराचे नाव त्यावर नाही. टोकियोत 2012 पासून लाल रंगाचे मदतचिन्ह आहे, बॅगेला अडकवायचे. दोन्हीकडे रुग्णाला तोंड उघडावे लागत नाही, हे महत्त्वाचे.

विरार लोकलचा प्रवासी निर्दय आहे, असे मला वाटत नाही. चौथ्या सीटवर अर्धे बूड टेकवून तो रोज प्रवास करतो, अर्ध्या वाटेत उठून ग्रुपमधल्या उभ्या माणसाला बसवतो. पाय प्लास्टरमध्ये असेल तर लगेच जागा मिळते. शर्टाच्या बाहीखाली काय आहे, ते त्याला दिसत नाही. ते दाखवायचे काम आपले, आणि आपण ते केलेले नाही. गेल्या वर्षी याच पानावर मराठी, हिंदी, गुजरातीत छोटे कार्ड करू, असे लिहिले होते. नमुने आले दोन! बाकीचे सभासद अजून ‘एमएचडी, एव्हीएफ लेफ्ट’ अशी चिठ्ठी रुग्णाच्या खिशात घालतात. टीसीने ती कशी वाचावी?

तेव्हा कार्ड या महिन्यातच करा. ‘मी डायलिसिस करून घरी चाललो आहे. या हातावर दाब पडू देऊ नका. मला बसू द्या.’ एवढी तीन वाक्ये पुरेत. अक्षरे मोठी असू द्या, खाली केंद्राचा शिक्का. रुग्णाला ते दाखवायची सवय केंद्रातच लावा. आपली माणसे मागायला लाजतात. उभे करून बीपी घेतल्याशिवाय कोणालाही सोडू नका, आणि रक्त थांबल्याची खात्री खुर्चीवर नव्हे, चार पावले चालवून करा.

सगळ्यात मोठी गोष्ट पाळ्यांची. चिंचोटी, कामण, पोमण, पारोळ इथून येणाऱ्यांना पहिली पाळी द्या. पहाटेची लोकल सुसह्य असते आणि अकराच्या सुमारास विरारकडे जाणाऱ्या गाडीत बसायला जागा मिळते. त्यासाठी ना परिपत्रक लागते, ना कोणाची मेहेरबानी. केंद्रापासून चालत दहा मिनिटांवर राहणारे रुग्ण सवयीने पहिल्या पाळीत बसले आहेत. त्यांच्याशी बोला, ते ऐकतील. पुढच्या महिन्याचा तक्ता लावण्याआधी रुग्णांच्या यादीतला पत्त्याचा रकाना एकदा वाचा.