चकती आणि चरितार्थ

विटीदांडूत कितीही नैपुण्य मिळवले तरी त्यावर कोणाचा चरितार्थ चालत नाही. एखादा खेळ व्यवसाय ठरतो आणि दुसरा नुसता नाद राहतो, हे कशावरून? खेळाडूच्या कौशल्यावरून, असे उत्तर सहज दिले जाते. अमेरिकेतील डिस्क गोल्फ या खेळाचा इतिहास पाहिला, तर ते अपुरे वाटते.

या खेळात काठी व चेंडू यांऐवजी प्लास्टिकची चकती असते. ती फेकत फेकत दूरवरच्या खांबाला लावलेल्या साखळ्यांच्या टोपलीत पाडायची. मैदानात बहुधा अठरा टोपल्या असतात; सर्वांत कमी फेकींत फेरी पुरी करणारा जिंकतो. फ्रिस्बीच्या चकतीत सुधारणा करणारे एड हेड्रिक यांनी १९७५ साली कॅलिफोर्नियातील एका उद्यानात या खेळाचे पहिले कायमचे मैदान आखले आणि १९७६ साली खेळाडूंची संघटना स्थापन केली. (२००२ मध्ये ते वारले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची रक्षा मिसळून चकत्या बनवण्यात आल्या!) संघटनेच्या नावात ‘व्यावसायिक’ हा शब्द आरंभापासून होता, व्यवसाय मात्र पुष्कळ उशिरा आला.

केन क्लायमो यांनी १९९० ते १९९८ अशी सलग नऊ वर्षे जगज्जेतेपद मिळवले आणि २००६ पर्यंत ही संख्या बारावर नेली. पॉल मॅकबेथ यांची जेतेपदे सहा आहेत. शेवटचे २०२२ सालचे. तरीही २०२१ मध्ये डिस्क्राफ्ट या चकत्या बनवणाऱ्या कंपनीने दहा वर्षांसाठी एक कोटी डॉलरचा करार जाहीर केला तो मॅकबेथ यांच्याशी. क्लायमो यांच्या उमेदीच्या काळात एवढ्या रकमेची कल्पनाही कोणी केली नसती. दोघांच्या कमाईतील हे अंतर कौशल्याने पडलेले नाही.

मग हा पैसा आला कोठून? बहुतेक मैदाने सार्वजनिक उद्यानांत असून तेथे विनाशुल्क खेळता येते. २०२० साली साथीमुळे बंदिस्त जागेतील खेळ थांबले, तेव्हा लोक या मैदानांकडे वळले आणि चकत्यांचा खप वाढला. लांब जाणारी, वळण घेणारी, जवळून टाकायची, अशा निरनिराळ्या चकत्या प्रत्येकाला लागतात. शिवाय त्या तळ्यात पडतात, झाडीत हरवतात. सुटीच्या दिवशी खेळणारा हौशी माणूस पुन्हा दुकानात जातो आणि आवडत्या खेळाडूचे नाव छापलेली चकती घेतो. जगज्जेत्याचे घर या हरवलेल्या चकत्यांवर चालते, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

२०२१ च्याच जागतिक स्पर्धेत, युटा राज्यातील ऑग्डेन येथे, शेवटच्या टोपलीच्या वेळी मॅकबेथ एका फेकीने पुढे होते. जेम्स कॉनराड यांनी सुमारे अडीचशे फुटांवरून फेकलेली चकती थेट साखळ्यांत शिरली, बरोबरी झाली आणि नंतरच्या निर्णायक खेळात कॉनराड जिंकले. मॅकबेथ यांच्या मनाला हा पराभव लागला असेल. त्यांच्या चुलीला त्याची झळ लागली नाही. करार नसलेल्या सामान्य व्यावसायिकाचे तसे नसते. प्रवेशशुल्क तो स्वतः भरतो, गावोगाव हिंडताना कित्येकदा गाडीतच झोपतो आणि एक आठवडा वाईट गेला की पदरचे पैसे घालतो.

यात मॅकबेथ यांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांच्या नावाची संस्था जेथे मैदाने नाहीत तेथे ती उभारते. त्यात दातृत्व आहे आणि व्यवहारही. व्यवहार आहे म्हणून दातृत्व उणे होत नाही. प्रश्न कंपन्यांचा आणि संयोजकांचा आहे. हजारो हौशी लोकांच्या खरेदीतून मिळणारा पैसा मोजक्या नावांपाशी थांबतो, आणि बाकीच्यांच्या बक्षिसांत त्यांनीच भरलेल्या शुल्काचा वाटा असतो. ही तर आपसांतली वर्गणी झाली. चकत्यांच्या विक्रीचा निश्चित भाग बक्षिसांकडे वळवला, तर खालच्या क्रमांकावरील खेळाडूलाही आपला पुढचा हंगाम कसा जाईल याचा अंदाज बांधता येईल.