पानावरचा ठिपका आणि शेतकऱ्याची त्वचा

कांद्यातील तणांसाठी वापरले जाणारे ऑक्सिफ्लोरफेन बहुतेक कांदा उत्पादकांच्या परिचयाचे आहे. त्याच्या प्रभावाने तणाच्या पेशींत प्रोटोपॉर्फिरिन हे द्रव्य साचते. त्यावर प्रकाश पडताच प्राणवायू विध्वंसक रूप धारण करतो आणि पेशींची आवरणे फाटतात. प्रकाशाविना ही क्रिया घडत नाही.

हेच तत्त्व त्वचारोगचिकित्सेतही उपयोगी ठरले आहे. वर्षानुवर्षे ऊन सोसलेल्या चेहऱ्यावर, टकलावर किंवा हातांवर खरखरीत, खपलीयुक्त चट्टे उमटू शकतात. त्यांस अ‍ॅक्टिनिक केराटोसिस म्हणतात. त्यांपैकी थोड्याच चट्ट्यांचे कर्करोगात रूपांतर होते. मात्र नेमके कोणत्या, हे आधी सांगता येत नाही. म्हणूनच उपचार आवश्यक ठरतो. फोटोडायनॅमिक उपचारात चट्ट्यावर अमिनोलेव्ह्युलिनिक आम्लाचा लेप देतात. बिघडलेल्या पेशींत त्यापासून प्रोटोपॉर्फिरिन अधिक प्रमाणात तयार होते. त्यानंतर लाल किंवा निळा प्रकाश सोडला की त्या पेशी मरतात व भोवतालची निरोगी त्वचा बव्हंशी सुरक्षित राहते. अमेरिकेत या उपचारास १९९९ मध्ये मान्यता मिळाली. उपचारावेळी आग होते आणि पुढील सुमारे दोन दिवस ऊन कटाक्षाने टाळावे लागते.

हा विकार ऑस्ट्रेलियातील गौरवर्णीयांत विपुल आढळतो. भारतीय त्वचेतील मेलॅनिन बरेच संरक्षण देते. परंतु ते संपूर्ण नव्हे. ज्यांच्या त्वचेत जन्मतःच रंगद्रव्य नसते, त्यांना धोका फार मोठा असतो. उन्हाने खालचा ओठही बाधित होऊ शकतो. विकार विरळ असल्यामुळेच तो ओळखला न जाण्याचा संभव अधिक. चट्ट्यास गजकर्ण समजून दुकानातून आणलेले स्टिरॉइडयुक्त मलम लावले जाते आणि मोलाचा काळ निघून जातो.

येथे विस्तार यंत्रणेची जबाबदारी सुरू होते. पानावर अनोळखी ठिपका दिसताच नमुना तज्ज्ञांकडे न्यावा, ही शिकवण शेतकऱ्यांनी आत्मसात केली आहे. स्वतःच्या त्वचेवरील ठिपक्याबाबत मात्र कोणी त्यांना काही सांगत नाही. निदान करणे हे विस्तार कार्यकर्त्याचे काम नव्हे. पण महिनाभर न भरणारी जखम, पुनःपुन्हा धरणारी खपली किंवा ओठावरील खरखरीत डाग त्वचारोगतज्ज्ञास दाखवा, एवढे प्रत्येक शेतीशाळेत सांगता येईल. फवारणीच्या संरक्षक पोशाखाबरोबरच रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि भर दुपारची कामे टाळणे यांचाही सल्ला द्यावा. मजूर स्त्री-पुरुषांनाही तो आवर्जून द्यावा, कारण सर्वाधिक ऊन तेच सोसतात.