गळाला लागलेले शहाणपण

दिवाळीच्या साफसफाईत आमच्या घरी दरवर्षी एका पत्र्याच्या डब्यावरून वाद होतो. डबा माझा. त्यात गळ, तंगूस, शिशाचे मणी आणि रंगीबेरंगी खोट्या मासोळ्या असा माझा स्वतंत्र संसार आहे. "हे गंजके काटे एक दिवस पोराच्या हातात घुसतील," हे सौभाग्यवतींचे म्हणणे. "त्यातली एकेक वस्तू मोलाची आहे," हे माझे. यंदा मात्र झाकण उघडले आणि मी गप्प बसलो. निम्मे गळ गंजले होते, आणि तळाशी मोडक्या गळाची एक लाकडी मासोळी पडली होती. तिची हकिकत मी घरात कधी सांगितली नव्हती. आज सांगतो, तिच्यापायी शिकलो तेही सांगतो.

महालातल्या माणसाला गळाचा नाद लागावा, यात नवल नाही. गोंडराजा चांद सुलतानाच्या काळातला शुक्रवारी तलाव, म्हणजे आजचा गांधीसागर, आमच्या वाड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. माझा पहिला गळ म्हणजे वाकवलेली टाचणी. बोटभर मासोळी लागली, की टाचणी सरळ व्हायची. मग मी आईच्या शिवणाच्या पेटीतली सुई पळवली. तिला दोरा ओवायला आयते नेढे होते! समईच्या ज्योतीवर लाल करून वाकवली आणि पाण्यात बुडवली. ती सरळ झाली नाही. पहिल्याच हिसक्याला कट्‌कन मोडली. शिवाय सुई हरवल्याबद्दल पाठीत धपाटा बसला, तो वेगळाच.

चांगल्या गळाचे सगळे शास्त्र या दोन फजित्यांत आहे. टाचणी मऊ म्हणून उघडते, सुई ठिसूळ म्हणून तुटते. गळाचे पोलाद आधी तापवून, थंड करून कठीण करतात आणि मग पुन्हा बेताने तापवून त्यातला ठिसूळपणा काढतात. इंग्लंडमधले रेडिच हे सुयांसाठी प्रसिद्ध असलेले गाव गळांसाठीही नावाजले, ते काही उगीच नव्हे.

हे ज्ञान बालपणीच झाले असूनही मोठेपणी मी घसरलोच. दमडीची कोंबडी आणि रुपयाचा मसाला ही म्हण आपल्याला ठाऊक आहे. मी तिची उलटापालट केली. झोकदार लाकडी मासोळीला पैसे मोजले आणि तिचे गळ बदलण्यात मात्र चिक्कूपणा केला. तिला आलेले तीन काट्यांचे गळ बारीक तारेचे होते. "एवढ्याने काय होते," असे म्हणून तसेच ठेवले.

भर पावसाळ्यात, भंडाऱ्याकडच्या एका मालगुजारी तलावावर, तिथल्या मच्छिमार संस्थेची परवानगी घेऊन मी बसलो होतो. काठाच्या शेवाळाजवळ पाण्यावर तांबूस पिल्लांचा एक पुंजका हलताना दिसला. ती मरळीची पिल्ले होती. त्यांच्यावरून मासोळी ओढली, की खालचा मोठा मासा हटकून झडप घालतो, एवढे मी ऐकले होते. ती झडप भुकेची नसते, पिल्लांच्या राखणीची असते, हे मात्र कोणी सांगितले नव्हते. झडप आली. मासा शेवाळात घुसला. मी जोर केला. दोरी टिकली, काठी टिकली; गळ मोडला.

शेजारी एक म्हातारे ढीवर जाळे सारखे करीत बसले होते. मी हळहळलो, "बाबाजी, केवढा मासा गेला!"

ते म्हणाले, "मासा गेला त्याचं काही नाही जी, भाऊ. तो गळ घेऊन गेला. आता त्याले खाता येईन काय? अन् हे पिल्लं कोन पाहीन?"

त्या पिल्लांचे पुढे काय झाले, ते पाहायला मी थांबलो नाही. पण तेव्हापासून पावसाळ्यात पिल्लांच्या पुंजक्यावर मी गळ टाकलेला नाही, आणि कच्चा गळ तर कधीच नाही.

आजकालची विणलेली दोरी इतकी चिवट असते, की सारा ताण गळावर येतो. मरळीचा जबडा हाडांचा, आणि ती शेवाळात घुसते. म्हणजे माशाबरोबर शेवाळाचेही वजन ओढावे लागते. महासीराची तऱ्हा आणखी निराळी. त्याचे दात घशात असतात, आणि तोंडात आलेली वस्तू तो चिरडतो. हेन्री सलिव्हन थॉमस या मद्रासकडच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८७३ साली 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक लिहिले, त्यात महासीराच्या या ताकदीबद्दल गळवाल्यांना बजावले आहे.

म्हणून गळ घेताना तार जाड पाहावी. वाकणापाशी ठोकून चपटी केलेली असली तर अधिक बरे. एखादा नमुना फळीत रुतवून दांडी पकडीने ओढावी. उघडा पडला तर मऊ, मोडला तर ठिसूळ, किंचित झुकून जागेवर आला तर पक्का. टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच ओढावे. घसरले तर बोथट. बारीक कानशीने धार करावी. उलटा काटा पकडीने दाबून टाकावा, म्हणजे सोडायचा मासा फारसा न दुखावता सोडता येतो. पोराच्या बोटात गळ गेला, तरी तोही लवकर निघतो.

मात्र जाड गळ जड असतो. तो लावला, की मासोळीची पाण्यातली चाल बिघडू शकते. अशा वेळी जाड तारेचा, पण एक माप लहान गळ लावावा आणि बादलीत किंवा हौदात ती सरळ तरंगते का, ते पाहावे. पुढचा आणि मागचा गळ एकमेकांत अडकता कामा नये. किल्ल्यांच्या जुडग्यासारखी दुहेरी कडी असते, तीही उघडी पडत नाही ना, ते तपासावे.

मासोळ्या बिघडतात, त्या बऱ्याचशा आपल्याच डब्यात. ओल्या ठेवल्या, की गळ गंजतात. सुट्या टाकल्या, की काटे एकमेकींचा रंग ओरबाडतात. लाकडी मासोळीच्या रंगाला दाताचे भोक पडले, तर आत पाणी शिरून लाकूड फुगते. ती सुकवून भोकावर नेलपॉलिशचे दोन हात द्यावेत. पोकळ रबरी बेडूक असेल, तर पिळून पाणी काढावे. मऊ रबरी मासोळ्या कडक प्लास्टिकच्या मासोळ्यांशेजारी ठेवू नयेत. त्यांतल्या तेलकट द्रव्याने दुसरीचा रंग विरघळतो.

अमेरिकेतल्या गळवाल्यांचा लाडका मासा म्हणजे बास. २ जून १९३२ रोजी जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी याने २२ पौंड ४ औंसांचा बास पकडला. त्या विक्रमाशी बरोबरी व्हायला २००९ साल उजाडले, तीही जपानच्या बिवा सरोवरात. पेरी गरीब शेतकरी. त्याच्याजवळ आणि त्याच्या सोबत्याजवळ मिळून एकच खोटी मासोळी होती, असे सांगतात. माझ्या डब्यात तीस आहेत. त्यांतल्या किती भरवशाच्या, हे मोजायला यंदा पहिल्यांदाच बसलो.

गंजके गळ कागदात गुंडाळून वेगळे काढले. मोडक्या मासोळीची हकिकत सौभाग्यवतींना सांगितली. त्या काही बोलल्या नाहीत, आत जाऊन नेलपॉलिशची बाटली घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "भोके बुजवा. पण आता गळ चांगले आणा."