खडखड आणि कागद

जुनी गाडी केळघर घाटात घातली की चाकाजवळची खडखड लपत नाही. मेढ्याच्या एका बांधवाला विक्रेता म्हणाला, "आवाज वॉरंटीत बसत नाही." अहो, वॉरंटी आवाजाची नसतेच, भागाची असते! म्हणून जॉबकार्डावर नुसते 'आवाज येतो' नको. लिंक रॉड, बुश की शॉकअप, भागाचे नाव लिहून घ्या. रबरी बुश झिजेत धरून बहुतेक वॉरंट्या वगळतात, ती अट सहीआधीच वाचावी. बाहेर गाडी खोललीत की विक्रेत्याला आयते निमित्त. मुदतीतच लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तरीही नकार आला, तर दोन वर्षांच्या आत साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. २०१९ च्या कायद्याखाली ५ लाखांपर्यंत दिलेल्या किमतीला फी नाही. वडापवाले बांधव उगाच बिचकतात. केवळ पोटासाठी स्वतः गाडी चालवणाराही ग्राहकच धरला जातो.