बंद दारावरची नोटीस

परवा वस्तीतल्या एक मावशी कागदांची पिशवी घेऊन आल्या. घरजागेचे त्यांचे अपील गैरहजेरीमुळे कोर्टाने काढून टाकले होते. वकील वारले म्हणून कोर्टाने त्यांना नोटीस काढली. बेलिफाने ती जुन्या खोलीच्या दारावर चिकटवली आणि ‘बजावली’ असे लिहून दिले. मावशी ती खोली सोडून दोन वर्षे झाली होती.

बंधू-भगिनींनो, अशा वेळी रडत बसू नका. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४१, नियम १९ प्रमाणे अपील पुन्हा दाखल करून घेण्याचा अर्ज करता येतो. मुदत अपील काढून टाकल्यापासून ३० दिवस. उशिरा कळले तर मुदत कायदा १९६३, कलम ५ खाली उशीरमाफीचा अर्जही जोडावा.

‘नोटीस मिळाली नाही’ एवढे म्हणून भागत नाही. बेलिफाच्या अहवालाची नक्कल घ्या. घर कोणी दाखवले, नोटीस कोणासमक्ष चिकटवली, त्यांची नावे-पत्ते त्यात हवेत. आपण तेव्हा दुसरीकडे राहत होतो याची भाडेपावती, वीजबिल शपथपत्रासोबत लावा. अर्ज फेटाळला तरी त्यावर अपील आहे.

आणि खोली बदलली की नवा पत्ता वकिलाला व कोर्टाला लेखी कळवा. पोच जपून ठेवा. तो एक कागद घर वाचवतो.